शाळकरी मुलं आणि घरची घडी: नाशिकच्या पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्राथमिक शाळेत एकतीस वर्षं शिकवून मी निवृत्त झाले. तेव्हापासून सिडकोतल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर महिन्यातल्या एका रविवारी आजूबाजूचे पालक जमतात. चहा होतो, शाळांची थोडी उणीदुणी निघतात, मग प्रश्न सुरू होतात. प्रश्न दर वेळी जवळपास तेच असतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. पहिली ते आठवीची मुलं डोळ्यांपुढे ठेवली आहेत.

रोजचं वेळापत्रक कसं बनवायचं?

बनवू नका. माझी मुलगी चौथीत असताना मी, शिक्षिका असल्याच्या तोऱ्यात, कार्डशीटवर रंगीत स्केचपेननं वेळापत्रक काढलं होतं. ५.४५ उठणे, ६.०० पाढे, ६.२० दूध. सोमवारी ते भिंतीवर लागलं. बुधवारी नळाला पाणी उशिरा आलं, गुरुवारी मला शाळेत थांबावं लागलं, शनिवारी मनमाडहून पाहुणे आले. रविवारी मुलीनं त्याच कार्डशीटच्या मागच्या बाजूला मांजर काढलं. ते मांजर मी अजून जपून ठेवलं आहे.

घर घड्याळावर चालत नाही, म्हणून घड्याळाला बांधलेली सवय घरात टिकत नाही. कामाला बांधलेली टिकते, साखळीतल्या कडीसारखी: एका कामाला दुसरं जोडलेलं. कुकर लागला की दप्तर उघडायचं. ताटं उचलली की उद्याची बाटली आणि डबा ओट्यावर. दात घासले की गोष्ट. कुकर सातला लागो की साडेआठला, दप्तर त्याच्या मागोमाग येतं. लाइट गेली, रिक्षा उशिरा आली तरी क्रम तोच राहतो, आणि मुलाला आधार त्या क्रमाचा असतो.

किती गोष्टी ठरवाव्यात? आठवड्यातला तुमचा सगळ्यात वाईट दिवस आठवा. डोकं दुखतंय, गॅस संपलाय, साहेबांनी थांबवून घेतलंय. त्या दिवशीही जेवढं जमेल तेवढंच ठरवा. बहुतेक घरांत ते दोन-तीन गोष्टींवर येतं, आणि तेवढं पुरतं.

सवय लागायला २१ दिवस लागतात ना?

हा एकवीसचा आकडा कुणी पसरवला देव जाणे, पण माझ्याकडे येणारे निम्मे पालक बाविसाव्या दिवशी निराश झालेले असतात. लंडनमधल्या एका विद्यापीठाचा, २०१० मध्ये छापून आलेला अभ्यास आहे. रोजची साधी गोष्ट अंगवळणी पडायला लोकांना सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. ती मोठी माणसं होती. मधला एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. मला त्यातली ही दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते.

नवरा सातपूरला कंपनीत आहे. दर आठवड्याला पाळी बदलते. आमच्याकडे कसली घडी बसणार?

नाशिकमध्ये हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो. सातपूर आणि अंबडच्या आसपास अर्धी वस्ती पाळ्यांवर जगते.

पहिलं काम म्हणजे पाळी मुलाला दिसली पाहिजे. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दर रविवारी मुलाच्याच हातानं लिहून घ्या: ‘प’, ‘दु’ किंवा ‘रा’. बाबा आज घरी कधी असणार हे त्याला कुणाला विचारावं लागू नये. ‘बाबा कधी येणार’ हा प्रश्न रोज विचारावा लागणारं मूल जरा टांगणीलाच लागलेलं असतं.

मग पाळीनुसार बाबाचं एकेक काम ठरवून टाका. पहिल्या पाळीत माणूस साडेचार-पाचपर्यंत घरी येतो, तर संध्याकाळचं मैदान त्याचं. दुसऱ्या पाळीत सकाळ मोकळी असते. मग वेणी घालणं, डबा भरणं, शाळेत सोडणं त्याच्याकडे. वेणी तिरकी येईल, येऊ द्या. रात्रपाळी अवघड. दिवसभर तो झोपणार आणि घरात ‘हळू बोला’ चालू. तेव्हा सकाळचा नाष्टा सगळ्यांनी एकत्र करायचा. त्याचं ते रात्रीचं जेवण, मुलांची न्याहारी. रोज एकदा सगळ्यांनी एकत्र जेवावं असं आपण म्हणतो, पण ते रात्रीच असलं पाहिजे असं कुठे लिहून ठेवलंय?

आमच्या गच्चीवर येणाऱ्या एका बाबांची युक्ती मला फार आवडली. रात्रपाळीला निघताना ते मुलीच्या ताटाखाली चिठ्ठीवर एक कोडं ठेवून जातात. ती उत्तर मागच्या बाजूला लिहून त्यांच्या चपलांच्या जागी ठेवते. आठवडाभर दोघांची धड भेट होत नाही, तरी बोलणं चालू असतं. शिवाय पोरीचं अक्षर सुधारलं.

आम्ही दिंडोरीकडचे, द्राक्षबाग आहे. जानेवारी ते मार्च श्वास घ्यायला वेळ नसतो.

आणि नेमक्या त्याच दिवसांत परीक्षा जवळ येतात, हे मला माहीत आहे. हंगामात सगळ्या कड्या सोडा, एकच ठेवा: झोपताना दहा मिनिटं मुलाजवळ बसणं. बोललात तर बोललात, नाहीतर नुसतं बसा. बाकीचं काढणी उरकल्यावर. हंगाम संपला की परत सुरू करायचं, हे मात्र मुलाला आधीच सांगून ठेवा. शेतकऱ्याच्या पोराला हंगाम कळतो.

मुलाला किती झोप लागते?

६ ते १२ वर्षांच्या मुलाला २४ तासांत ९ ते १२ तास, १३ ते १८ वर्षांच्या मुलाला ८ ते १० तास. अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संस्थेची ही शिफारस आहे. आता उलटं गणित करा. व्हॅन पावणेसातला येते, म्हणजे मूल सहाला उठणार, म्हणजे नऊच्या आत झोप लागलेली हवी. आपल्याकडे नऊला अजून भाकरी थापल्या जात असतात.

चौथीपर्यंतच्या वर्गांची शाळा सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवावी, असा निर्णय राज्य शासनानं फेब्रुवारी २०२४ मध्ये काढला. कारण हेच, पोरांची झोप होत नाही. पण गंमत बघा. सकाळी मिळालेला तास कितीतरी घरांनी रात्री खर्चून टाकला. आधी दहाला झोपणारं मूल आता अकराला झोपतं. हिशेब जिथल्या तिथे.

सोपा मार्ग म्हणजे मुलांची ताटं आधी वाढा. सगळ्यांनी एकत्र जेवायच्या हट्टापायी सातवर्षांचं मूल साडेनऊपर्यंत ताटकळत ठेवू नका. मोठ्यांच्या जेवणाच्या वेळी ते शेजारी येऊन एक पापड खाईल, तेवढी पंगत पुरे.

थंडीतलं उठणं ही वेगळीच कसरत. निफाडचा पारा राज्यात सगळ्यात खाली गेल्याची बातमी येते, तेव्हा आपल्याकडेही काही उकडत नसतं. माझी आई रात्रीच गणवेश घडी करून आमच्या गोधडीखाली ठेवायची. सकाळी तो उबदार असायचा आणि इस्त्रीही झालेली असायची. अजून यापेक्षा चांगलं काही मला सापडलेलं नाही.

सकाळी रोज आरडाओरडा होतो.

सकाळचं काम आदल्या रात्री करा. दप्तर, ओळखपत्र, मोजे. मोजे दोन्ही.

दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत असावं असं केंद्राचं २०२० चं धोरण सांगतं. २५ किलोच्या मुलाला अडीच किलो. लिटरभर पाण्यानं भरलेली बाटलीच एक किलोच्या वर जाते, हे पालकांच्या लक्षात येत नाही. शाळेत पिण्याचं पाणी चांगलं असेल तर अर्धी बाटली द्या. एकदा ओळखीच्या वाण्याकडे दप्तर काट्यावर ठेवून बघा. मुलालाही मजा वाटते आणि नको ती वही आपणहून बाहेर निघते.

गृहपाठ किती असावा? मी शेजारी बसू का?

त्याच धोरणात आहे: दुसरीपर्यंत गृहपाठ नाही. तिसरी ते पाचवीला आठवड्याला दोन तास. सहावी ते आठवीला रोज जास्तीत जास्त एक तास. तुमच्या शाळेत याच्या तिप्पट येत असेल तर पालक-शिक्षक संघात हे आकडे घेऊन जा. एकट्यानं बाईंशी भांडू नका. बाईंनाही वरून सांगितलेलं असतं, मी त्या खुर्चीत बसलेली आहे.

शेजारी बसा, पण हातात तुमचं काम घेऊन. तांदूळ निवडा, हिशेब लिहा, मेथी मोडा. मुलाच्या वहीत डोकं घालून बसलात की पेन्सिल त्याची आणि अक्षर तुमचं व्हायला लागतं. चूक दिसली की खोडरबर उचलू नका. चूक वहीत राहिली तरच बाईंना कळणार की पोराला हातचा घ्यायला जमत नाही.

अभ्यासाची एकच युक्ती सांगायची झाली तर ही: ‘वही मिट आणि सांग’. धडा चार वेळा वाचण्यापेक्षा एकदा वाचून, मिटून, आठवून सांगितलेलं जास्त टिकतं. यावर भरपूर संशोधन झालेलं आहे. आज सांगितलं, परवा परत विचारायचं, पुढच्या आठवड्यात पुन्हा. स्कूटरवर मागे बसलेल्या मुलाला त्र्यंबक नाक्याच्या सिग्नलला सातचा पाढा विचारता येतो. आजोबा घरात असतील तर पावकी, निमकी, दिडकी (पाव, अर्धा, दीडचे जुने पाढे) त्यांच्याकडून म्हणून घ्या. पोरांना ती मंत्रासारखी वाटते, आणि आजोबांना संध्याकाळी काम मिळतं.

क्लास न लावता गणित, विज्ञान घरी कसं करून घ्यावं?

बुधवारी गोदाघाटावरच्या बाजारात न्या. पाचवीच्या मुलाच्या हातात शंभराची नोट द्या आणि तीन भाज्या आणायला सांगा. तुम्ही दहा पावलं मागे. अर्धा किलो चाळीसला, मग पाव किलो वीसला हे तो मनात मांडतो, आणि मावशी म्हणते पंचवीस. तो गोंधळून तुमच्याकडे बघतो. सांगू नका, त्यालाच विचारू द्या. ‘थोडं घेतलं की महाग का?’ हे पुस्तकात यायला त्याला आठवी-नववी लागेल, इथे पाव किलो गवारीवर कळतं. मग नोट उलटीपालटी करून बघा. भारतात नोटा छापायला सुरुवात झाली ती १९२८ मध्ये आपल्या नाशिकरोडच्या नोट प्रेसमध्ये. हातातली नोट नेमकी इथलीच असेल असं नाही, देवास, म्हैसूर आणि सालबोनीलाही छापतात. पण ‘असेल का?’ या विचारानंच पोरं खूष होतात.

पावसाळ्यात याहून मोठा प्रयोग फुकट मिळतो. गंगापूर धरण किती टक्के भरलं ते जुलै ते सप्टेंबर वर्तमानपत्रात येत असतं. मुलाला आलेखाच्या कागदावर रोज एक ठिपका मांडायला लावा. ज्या नळाचं पाणी आपण पितो ते बहुतांश तिथूनच येतं, हे आधी सांगा. मग दुतोंड्या मारुती, म्हणजे गोदेच्या पात्रात उभी असलेली मारुतीची मोठी मूर्ती. गोदेला पाणी सुटलं की जुनं नाशिक आकडा विचारत नाही, ‘मारुतीला कुठपर्यंत लागलं?’ म्हणून विचारतं. गुडघ्याला, कमरेला, गळ्याशी. ऑगस्ट २०१९ चा पूर ज्यांनी पाहिला त्यांना हे सांगायला नको. आलेखावर मुलाला बाजूला छोटा मारुती काढू दे आणि ज्या दिवशी बातमी येईल त्या दिवशी पाणी कुठवर ते रंगवू दे. धरणातून विसर्ग वाढला की मारुतीपाशी पाणी किती वेळानं चढतं, हे सातवीतली मुलं स्वतः शोधून काढतात. पूर बघायला घाटावर नेऊ नका, टीव्हीवर दिसतो तेवढा पुरे.

स्वयंपाकघरात तर रोजच प्रयोगशाळा उघडी असते. दही हिवाळ्यात का लागत नाही? भिजवलेल्या मटकीला मोड कधी येतात, झाकली तर, उघडी ठेवली तर? तुम्ही उत्तर देण्याची घाई केली नाही तर बाकी सगळं मूलच करतं.

वाचनाची गोडी कशी लावायची?

मूल स्वतः वाचायला लागलं की आपण त्याला वाचून दाखवणं बंद करतो. मी पाहिलेली ही सगळ्यात मोठी चूक. चौथी-पाचवीपर्यंत तरी रोज दहा मिनिटं मोठ्यानं वाचा. त्याला स्वतःला वाचता येतं त्याहून जरा अवघड पुस्तक त्याला ऐकताना समजतं, आणि शब्द तिथूनच साठतात. मधेच थांबा: ‘आता ही काय करेल?’

पुस्तकं विकतच घ्यायला हवीत असं नाही. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आहे; मुलाचं कार्ड काढता येतं का त्याची जाऊन चौकशी करा, आणि अर्ज त्यालाच भरायला लावा. मूल क्रिकेटचंच वाचतंय, भुताचंच वाचतंय, भेळेचा कागद वाचतंय तरी चालेल. वाचणाऱ्याला टोकू नये.

लिहिण्यासाठी पत्र. खरंखुरं, पोस्टातलं. देशाची बरीच पोस्टाची तिकिटं नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापली जातात, म्हणजे मालेगावच्या आत्याला पाठवलेल्या पाकिटावर कदाचित आपल्याच गावात छापलेलं तिकीट फिरून येतं. आत्यानं उत्तर पाठवलं की एका मुलाला लिहायला कारण मिळालं. आत्याला आधी फोन करून बजावून ठेवा.

२७ फेब्रुवारीला, म्हणजे कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी, आमच्या इमारतीत प्रत्येक घरात जेवताना एकेकानं एक कविता म्हणायची पद्धत पडली आहे. आपल्याच गावात राहिलेल्या कवीसाठी एवढं तरी. पाठ नसेल त्यानं बघून म्हणावी. गेल्या वर्षी एका काकांनी जाहिरातीचं गाणं म्हटलं, तेही चाललं.

मुलगा इंग्रजी माध्यमात आहे. घरी इंग्रजीत बोलावं का? आणि आजी अहिराणी बोलते, त्यानं गोंधळ होईल का?

घरी ज्या भाषेत तुम्हाला रागावता आणि लाड करता येतात त्या भाषेत बोला. तोडक्यामोडक्या इंग्रजीत आईबाप बोलले की मुलाला ना इंग्रजी मिळतं ना आईबाप. ज्याचं घरच्या भाषेतलं बोलणं भरलेलं असतं, तो दुसरी भाषा सहज उचलतो.

सटाणा-कळवणकडच्या कितीतरी आजी आमच्या इमारतीत आहेत. त्यांचं ‘कथा चालना रे?’ (कुठे चाललास रे?) ऐकत वाढलेली मुलं शाळेत बरोबर मराठी बोलतात आणि घरी आल्यावर बरोबर अहिराणी. गोंधळ मोठ्यांचा होतो. कृपा करून आजीला ‘त्याच्याशी शुद्ध बोला’ असं सांगू नका. ती बोलायचीच बंद होते, मग गोष्टीही बंद.

मोबाईल?

सगळ्यांचे मोबाईल जेवताना आणि झोपताना स्वयंपाकघरात चार्जिंगला. सगळ्यांचे म्हणजे तुमचाही. ‘मला कामाचं असतं’ हे वाक्य मुलालाही पाठ झालेलं आहे, तो ते पुढे वापरणार. किती मिनिटं द्यावा यापेक्षा तो कुठे आणि कशाच्या बदल्यात जातोय ते बघा. झोपेतून, मैदानातून किंवा जेवणातून वेळ कापला जात असेल तर जास्त झाला.

शाळेचा गृहपाठच व्हॉट्सॲपवर येतो, ही तक्रार खरी आहे. तो उतरवून घ्या आणि फोन परत जागेवर.

डबा तसाच परत येतो.

मधली सुट्टी किती मिनिटांची आहे ते आधी विचारा. खूप ठिकाणी हात धुऊन, डबा उघडून खायला जेमतेम पंधरा मिनिटं मिळतात. पोळी-भाजीचे तुकडे करत बसायला वेळ नसतो. गुंडाळी करून द्या. थालीपीठ, नाचणीचं धिरडं, मेथीचे पराठे, मटकीची उसळ आणि पोळीची गुंडाळी हे हातात धरून खाता येतं. डबा मुलालाच भरू दिला तर निम्म्या वेळा संपून येतो.

सकाळचा चहा-टोस्ट बंद करायचं मात्र मनावर घ्या. पालेभाजी आणि कडधान्यातलं लोह अंगी लागायला चहा अडवतो आणि लिंबू, आवळा, पेरू मदत करतात. आठवर्षांच्या मुलाला चहाची गरज नाही. आजोबांच्या बशीतला घोट बंद करा म्हटलं की आमच्याकडे भांडणं होतात, म्हणून मी ‘रविवारी एक घोट’ अशी तडजोड सुचवते.

खेळ किती हवा? आमच्याकडे मैदान नाही.

५ ते १७ वयाच्या मुलांनी रोज सरासरी तासभर दम लागेल असं काही करावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. बाहेरच्या उजेडात वेळ घालवणाऱ्या मुलांना दूरचं अंधुक दिसायचा चष्मा लागण्याचं प्रमाण कमी असतं, हेही वेगवेगळ्या देशांत दिसलं आहे. म्हणजे घरात उड्या मारून अर्धंच काम होतं.

मैदान नसलं तर गल्ली. लगोरी, लंगडी, डबा ऐसपैस यांना चार मुलं आणि एक जुना डबा लागतो. एखादा मोठा माणूस कठड्यावर बसून असला की गाड्यावालेही हळू जातात. रोज एका पालकाची पाळी लावा. शाळा किलोमीटरभराच्या आत असेल तर चालत जा. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला कांस्य घेऊन आली, हे चालायला कुरकुरणाऱ्या मुलांना मी न चुकता सांगते. उपयोग होतो असं म्हणवत नाही.

रविवारी कमी खर्चात कुठे न्यावं?

एका फेरीला एकच काम द्या, म्हणजे कंटाळा येत नाही.

पांडवलेणी: पायऱ्या मोजायच्या. खाली आल्यावर कुणाचाच आकडा जुळत नाही, परत मोजाव्या लागतात. लेणी चोवीस आहेत. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्री या सातवाहन राणीचा शिलालेख आहे. तिच्या मुलाचं नाव गौतमीपुत्र. आईचं नाव लावणारा राजा म्हटल्यावर मुली एकदम पुढे सरकतात. एक ब्राह्मी अक्षर वहीत बघून काढायचं आणि घरी यायचं.

नांदूरमध्यमेश्वर: हिवाळ्यात, पहाटे निघून. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळचं हे पाणथळ रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, आल्याचं २०२० मध्ये जाहीर झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. पक्ष्यांची नावं नाही आली तरी चालेल. चोच कशी, पाय केवढे, पाण्यात की काठावर एवढंच लिहायचं. नावं नंतर शोधता येतात.

आणि काही रविवारी कुठेही नेऊ नका. मूल कंटाळलं की काहीतरी काढतंच.

मुलांना घरकाम सांगावं का?

हो. मुलग्यांनाही. सहाव्या वर्षी ताटं मांडणं, आठव्या वर्षी स्वतःचा डबा घासणं, दहाव्या वर्षी कपडे वाळत घालणं, बाराव्या वर्षी वरणभात. काम नीट होणार नाही. मागून परत केलंत तर त्याच्या देखत करू नका.

शाळेत काय झालं विचारलं की ‘काही नाही’ म्हणतो.

फाटकातच विचारलं की असंच होणार. तो भुकेला असतो, तुम्ही घाईत. पोटात काही गेल्यावर विचारा, आणि आडून विचारा: ‘डबा कुणाबरोबर खाल्लास?’ ‘आज कुणाला ओरडा बसला?’ आधी तुमच्या दिवसातलं काहीतरी सांगा, फजितीचं असेल तर उत्तम. स्कूटरवर किंवा शेंगा सोलताना मुलं जास्त बोलतात, कारण तुम्ही तोंडाकडे बघत नसता.

मूल अचानक गप्प झालं, शाळेत जायला घाबरू लागलं, झोप उडाली, अंगावर वळ दिसले, तर सवयींच्या गोष्टी बाजूला ठेवा. मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८ आहे, मनाच्या त्रासासाठी टेलिमानस १४४१६. तिसरी-चौथीतही अक्षरं ओळखायला त्रास होत असेल, फळा दिसत नसेल, झोपेत मोठ्यानं घोरत असेल तर डॉक्टर. तिथे घरगुती उपाय करत वर्ष घालवलेले पालक मी पाहिले आहेत.

आजी-आजोबा सगळे नियम मोडतात.

मोडू द्या, झोपेचा सोडून. आजीच्या खोलीत वेगळा कायदा असतो हे मुलांना बरोबर कळतं. मुलांसमोर तिला टोकलंत तर मात्र उरलेले नियमही जातील.

उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळं बिघडतं. जूनमध्ये परत कसं लावायचं?

सुट्टीत बिघडू द्यावंच थोडं. मामाच्या गावाला रात्री अकरापर्यंत अंगणात गप्पा ऐकल्या नाहीत तर सुट्टी कसली. शाळा जूनच्या मध्यावर उघडते, तर सोळा दिवस आधीपासून झोपायची वेळ दर दोन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे आणा. एका रात्रीत अकरावरून नऊवर कुणीच येत नाही. जुन्या कड्यांपैकी एकच आधी जोडा, ताटं उचलली की बाटली ओट्यावर, ही सगळ्यात सोपी. दप्तराची चेन त्याच आठवड्यात तपासून दुरुस्तीला टाका. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी दुरुस्तीवाल्याकडे सगळं नाशिक रांगेत उभं असतं.